बिननाण्याचे टेलिफोन : ओळख आणि संग्रह



न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ साली. अलेक्झांडर ग्रॅहम बेल याला टेलिफोनचे पेटंट मिळाले ते १८७६ साली. म्हणजे वसंत व्याख्यानमाला ही टेलिफोनपेक्षा एका वर्षाने वडील. वडिलांच्या घरी धाकट्याची कैफियत मांडावयास आम्ही उभे आहोत, असे समजावे, आणि बोलण्यात कमीजास्त झाले तर पदरात घ्यावे.

आमचा व्यवसाय कामगारांची संघटना बांधण्याचा. शाळा आठवीत सुटली. पुढचे शिक्षण झाले ते जिनाच्या फाटकावर, नगरवाचनालयाच्या बाकावर आणि कामगार कायद्यांच्या पुस्तकांत. इंग्रजी अक्षरे पक्की झाली ती टेलिफोनच्या डिरेक्टरीवरून. कारण तीत एकच नाव कसे कसे लिहितात ते लगेच कळते. बोलताना आम्ही 'आम्ही' म्हणतो, ते मोठेपणा म्हणून नव्हे. तीस वर्षे हमालांच्या आणि जिनकामगारांच्या सभांतून बोलून 'मी' म्हणण्याची सवयच राहिली नाही. शिवाय आज जो संग्रह आपल्यापुढे मांडावयाचा आहे, तो एकट्याचा नाहीच. अकोल्याचे दोन हमाल, अमरावतीचा एक रिक्षावाला आणि बडनेऱ्याचे एक निवृत्त लाइनमन असे आम्ही चारपाच जण मिळून तो जमवला आहे. आजमितीस एकतीस यंत्रे आहेत. त्यांतली नऊ चालतात. उरलेली चालत नाहीत, पण बोलतात. कशी बोलतात तेच सांगावयाचे आहे.

प्रथम विषयाची मर्यादा. सार्वजनिक टेलिफोन म्हटला की पुष्कळांच्या डोळ्यांसमोर रुपयाचा डबा येतो. पानठेल्यावर टांगलेला, लाल किंवा पिवळा, वर नाण्याची फट असलेला. तो आमचा विषय नव्हे. आमचा विषय आहे नाणे न घेणारा सार्वजनिक टेलिफोन. त्याला फट नाही, पेटी नाही. बोलणाऱ्याने आधी बोलावे, मग शेजारी बसलेल्या माणसाच्या हाती पैसे द्यावेत, ही त्याची रीत. पोस्टातला ट्रंककॉलचा फोन, गावातला पंचायतीच्या ओसरीवरचा फोन, आणि ज्याने आपल्यापैकी निम्म्या लोकांची लग्ने जुळवली तो एस. टी. डी. बूथचा फोन, हे सारे याच घराण्यातले.

हे घराणे नाण्याच्या डब्यापेक्षा जुने आहे, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. अमेरिकेत हार्टफर्ड गावी विल्यम ग्रे याने नाणे टाकून चालणारा टेलिफोन बसवला तो १८८९ साली. त्यापूर्वीही तेथे पैसे देऊन बोलण्याची ठिकाणे होतीच. पण तेथे माणूस बसत असे आणि तोच पैसे घेई. ग्रेच्या यंत्राने त्या माणसाचे काम काढून घेतले. आपल्याकडे मात्र शंभर वर्षांनंतरही माणूस बसलेलाच राहिला, एवढेच नव्हे तर लाखांनी वाढला. हा मागासलेपणा होता असे कोणी म्हणतात. आम्हांस तसे वाटत नाही, आणि का वाटत नाही ते पुढे येईल.

हिंदुस्थानात कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे टेलिफोनची एक्सचेंजे उघडली ती १८८२ च्या जानेवारीत. पण सामान्य माणसाचा टेलिफोनशी संबंध आला तो पोस्टाच्या खिडकीत. टपाल आणि तार हे १९८५ पर्यंत एकच खाते होते. त्यामुळे पत्र, मनिऑर्डर, तार आणि ट्रंककॉल हे सारे एकाच छपराखाली मिळे. ट्रंककॉल लावावयाचा म्हणजे अर्धा दिवसाचे काम. नंबर लिहून द्यावयाचा, साधा की अर्जंट ते सांगावयाचे, आणि बाकावर बसून राहावयाचे. ठराविक माणूसच हवा असेल तर त्याचे नाव घालून 'पी. पी.' कॉल मागावयाचा. खिडकीमागचे बाबू एक्सचेंजमधल्या बाईंना नंबर सांगत, त्या बाई नागपूरला, नागपूरच्या बाई मुंबईला. शेवटी बाबू ओरडत, "मुंबई कोणाची?" आणि बाकावरचे चार जण एकदम उठत. सरकीचे आणि गाठींचे भाव याच वाटेने अकोल्याच्या आणि खामगावच्या बाजारात येत. बाजारात माल उतरवणाऱ्या हमालाच्या पाठीवर गाठ असे, आणि तिची किंमत त्या वेळी पोस्टाच्या कोठडीत ठरत असे.

ग्राहकाने स्वतः दूरचा नंबर फिरवावा ही सोय आपल्या देशात प्रथम लखनौ आणि कानपूर यांच्यामध्ये १९६० साली झाली. तिचेच नाव एस. टी. डी. ही सोय गल्लीबोळांत पोहोचावयास मात्र आणखी पंचवीस वर्षे लागली. १९८४ साली सी-डॉट ही सरकारी संस्था निघाली. सॅम पित्रोदा यांचे नाव तिच्याशी कायमचे जोडले गेले आहे. तिने खेड्यासाठी १२८ लायनींचे छोटे एक्सचेंज बनवले आणि १९८६ साली कर्नाटकात कित्तूर येथे ते प्रथम चालू झाले. त्याचा मोठा गुण असा की त्याला वातानुकूलित खोली लागत नसे. ज्या वऱ्हाडात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तेथे हा गुण किती मोलाचा, हे आपणांस सांगावयास नको. पुढे १९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणात शहरांतून दर पाचशे माणसांमागे एक सार्वजनिक टेलिफोन असावा असे ठरले. बूथ देताना अपंग, बेकार आणि माजी सैनिक यांना प्राधान्य देण्याचे धोरण होते. पिवळ्या पाट्यांवर काळी-तांबडी अक्षरे झळकू लागली आणि राजकमल चौकापासून मेळघाटच्या पायथ्यापर्यंत काचेच्या कोठड्या उभ्या राहिल्या.

आता मुख्य प्रश्न. भंगारवाल्याच्या ढिगातून टेलिफोन हाती आला, तर तो सार्वजनिक होता की कोणाच्या दिवाणखान्यातला, हे ओळखावे कसे? नाण्याच्या डब्याचे सोपे असते. फट दिसली की संपले. बिननाण्याच्या फोनचे यंत्र मात्र घरच्या यंत्रासारखेच. नाण्याची फट नाही एवढ्यावरून तो बिननाण्याचा ठरतो, सार्वजनिक ठरत नाही. या एका अडचणीपायी आमची पहिली दोन वर्षे फुकट गेली. नंतर अनुभवाने काही खुणा हाती आल्या, त्या सांगतो.

पहिली खूण अंगाची. जुने काळे यंत्र बेकेलाइटचे असते. बेकलंड नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने १९०७ साली शोधलेला हा पदार्थ. तो जड असतो, गार लागतो, आणि अंगठ्याने जोराने घासून नाकाशी नेला तर औषधी उग्र वास येतो. पुढच्या काळातले प्लास्टिक हलके असते आणि त्याला तो वास येत नाही. बंगलोरचा इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज हा सरकारी कारखाना १९४८ साली निघाला. आपल्याकडे मिळणारी बहुतेक देशी यंत्रे त्याची, आणि यंत्र उपडे केले की तळाशी किंवा चोंग्याच्या आत कारखान्याची खूण सापडते. पितळेची, नक्षीदार, चकाकणारी जी 'जुनी' यंत्रे शहरांतल्या दुकानांत मिळतात, ती शोभेसाठी अलीकडे केलेली असतात. आमच्या एका सोबत्याने तसले एक महिन्याच्या मजुरीला घेतले होते. आत पाहिले तर बटणाच्या स्वस्त फोनची पाटी! ते यंत्र आम्ही संग्रहात मुद्दाम ठेवले आहे, आणि त्याच्याखाली 'आमचे अज्ञान' अशी चिठ्ठी लावली आहे.

दुसरी खूण चेहऱ्याची. बाजूला हाताने फिरवावयाचा दांडा असेल, तर ते यंत्र स्वतःच्या बॅटरीवर चालणारे, हाताने घंटी देणारे. दांडा नाही आणि चकतीच्या जागी नुसती कोरी तबकडी आहे, तर ते हाताने जोडणी करणाऱ्या एक्सचेंजचे. चोंगा उचलला की पलीकडे दिवा लागे आणि बाई विचारीत, "नंबर प्लीज". चकती असेल तर ते स्वयंचलित एक्सचेंजचे, आणि बटणे असतील तर बहुधा १९८५ नंतरचे. दांड्याच्या यंत्राविषयी मात्र सावध राहावे. रेल्वेच्या स्टेशनांवर आणि फाटकांवर तसलीच यंत्रे असत. मूर्तिजापूरला मिळालेले एक यंत्र आम्ही गावच्या पोस्टाचे म्हणून मिरवले. आमच्या लाइनमन सोबत्यांनी ते हातात घेऊन सांगितले, "हे रेल्वेचं हाय. फाटकवाल्यानं याच्यावरून गाडीची वर्दी घेतली असंल, भाव नाही इचारला कोणी."

तिसरी खूण झिजेची, आणि ही आम्हांस सर्वांत विश्वासाची वाटते. घरच्या चकतीची झीज सारखी असते. बूथच्या यंत्रावर शून्य आणि सात हे दोन आकडे आधी मरतात. कारण उघड आहे. परगावचा प्रत्येक नंबर शून्यापासून सुरू होई, आणि विदर्भातल्या गावांचे क्रमांक शून्य-सातने. अमरावती ०७२१, अकोला ०७२४, नागपूर ०७१२. त्यात शून्याला चकती पूर्ण फिरून यावी लागे. आकडा जितका, तितक्या वेळा लाइन क्षणभर तुटते. एकाला एकदा, नवाला नऊदा आणि शून्याला दहादा. म्हणून शून्याचे भोक बोटांनी गुळगुळीत होते आणि स्प्रिंगही ढिली पडते. बटणाच्या यंत्रावर शून्य, दोन आणि सात यांचे रंग उडालेले दिसले की समजावे, हे यंत्र बाजारात बसलेले आहे.

चकतीच्या भोकात कधी कधी लहानसे कुलूप अडकवलेले सापडते. मालक जेवावयास गेला तर कोणी फोन फिरवू नये, म्हणून. पण वऱ्हाडचे पोर वस्ताद. चोंगा ठेवण्याची खुंटी ठराविक लयीत टकटक दाबली की लाइन तशीच तुटते आणि चकती न फिरवता नंबर लागतो, हे त्याला कोणी न शिकवता ठाऊक झाले होते. आम्हीही तो उद्योग एकदोनदा केलेला आहे; आज जाहीर सभेत कबूल करतो.

चौथी खूण सोबतच्या सामानाची. बूथचे खरे काळीज टेलिफोनात नव्हते, ते मीटरच्या डब्यात होते. तांबड्या आकड्यांचा हा डबा मालकाच्या टेबलावर असे, आणि आकडे आत बोलणाऱ्यालाही दिसत. पलीकडच्याने फोन उचलला की कुठे लाइनची ध्रुवता उलटे, कुठे सोळा किलोहर्ट्झचा कानाला न ऐकू येणारा स्पंद येई. त्यावरून डब्याला कळे की बोलणे सुरू झाले. गाव जितके लांब, तितका आकडा लवकर पुढे सरके. रात्री अकराच्या पुढे दर पाव होत, म्हणून त्या वेळी बूथपुढे रांग लागे. बोलणाऱ्याचे तोंड चोंग्याकडे आणि डोळे तांबड्या आकड्यांकडे. आई पुण्याच्या मुलाला विचारी, "जेवला काय रे बापू?" आणि उत्तर येण्याआधीच म्हणे, "ठेवतो मंग, पैसे हून राह्यले."

पाचवी खूण काळ ठरवण्याची. यंत्रावर किंवा पाटीवर टपाल-तार खात्याचे नाव असेल तर ते १९८५ पूर्वीचे, दूरसंचार विभागाचे असेल तर त्यानंतरचे, आणि भारत संचार निगमचे असेल तर १ ऑक्टोबर २००० च्या पुढचे. अमरावती-अकोल्याचे नंबर आधी सहा आकडी होते. २००२-०३ च्या सुमारास त्यांच्यामागे दोनचा आकडा लागून ते सात आकडी झाले. बूथच्या भिंतीवरच्या तक्त्यात जवळच्या गावांसाठी शून्याऐवजी ९५ लिहिलेले असेल तर तो तक्ता २००० नंतरच्या काही वर्षांतला. २००६ साली 'वन इंडिया' योजनेत देशभर मिनिटाला एक रुपया असा दर आला आणि अंतराप्रमाणे पैसे मोजणाऱ्या त्या डब्याची अर्धी विद्या निरुपयोगी झाली.

गावांतल्या यंत्रांची गोष्ट वेगळी, ती थोडक्यात सांगतो. खेड्यांपर्यंत तार नेणे परवडत नसे म्हणून १९९० नंतरच्या दशकात रेडिओलहरींवर चालणारे गावफोन बसवले. पंचायतीवर उंच खांब आणि त्यावर एरिअल. ते वारंवार बंद पडत, आणि पुढे ते बदलावे लागले. खांब मात्र कित्येक ठिकाणी उभे राहिले. २००२ च्या डिसेंबरात ग्रामीण संचार सेवक योजना आली. टपाल वाटणारा पोस्टमन बिनतारी फोन पिशवीत घालून दारोदार जाऊ लागला. बिननाण्याचा सार्वजनिक टेलिफोन पायांनी चालत आला, असे दृश्य जगात फार ठिकाणी दिसले नसेल. त्यातले एक यंत्र मिळवण्याची आमची फार इच्छा आहे. कोणाच्या माळ्यावर असेल तर सांगावे.

आता आपण म्हणाल, संघटनेच्या माणसाने हा भंगाराचा नाद का धरला? त्याचे उत्तर एका चिठ्ठीत आहे.

१९९८ सालच्या हंगामातली गोष्ट. अकोल्याजवळच्या एका जिनिंग कारखान्यात रात्रपाळीला एका मजुराचा हात यंत्रात सापडला. मालक घरी होता. कारखान्यातला फोन कचेरीत, आणि कचेरीला कुलूप. आमचे दोघे धावत हमरस्त्यावरच्या बूथवर आले. बूथवाले भाऊ पायाने अधू. तीन चाकांच्या सायकलवर येत आणि रात्री बारापर्यंत बसत. त्यांनी डिरेक्टरीतून मालकाच्या घरचा नंबर काढला आणि लावून दिला. आमच्या माणसाला बोलताच येईना. हात रक्ताने भरलेले, जीभ वळत नव्हती. तो म्हणाला, "भाऊ, मले नाही बोलता येत, तुम्हीच सांगा जी." तेव्हा बूथवाल्यांनीच मालकाला सारी हकीकत सांगितली, गाडी पाठवा म्हणून विनवले. गाडी आली नाही. मजुराला खटाऱ्यात घालून सरकारी दवाखान्यात नेले. जीव वाचला, हात गेला.

नुकसानभरपाईच्या दाव्यात मालकाने सांगितले की, अपघाताची आम्हांस वर्दीच नव्हती. मजूर कोठे तरी बाहेर जखमी झाला असेल. कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ चा. त्यात मालकाला अपघाताची नोटीस देण्याची अट होती. पण त्याच कलमात असेही म्हटले होते की, मालकाला त्याच सुमारास अन्य मार्गाने अपघात कळला असेल तर नोटिशीवाचून दावा अडत नाही. कळला होता हे दाखवावे कसे? तेव्हा आमच्या त्या माणसाने खिशातून एक चुरगळलेली चिठ्ठी काढली. बूथच्या मीटरने छापलेली पावती! तारीख, वेळ रात्रीचे दहा वाजून एकेचाळीस मिनिटे, मालकाच्या घरचा नंबर, बोलणे तीन मिनिटे वीस सेकंद. आणि पावतीच्या पाठीशी बूथवाले भाऊ उभे राहिले. तीन तारखांना ते आपल्या सायकलवर कचेरीत आले, प्रत्येक वेळी बूथ बंद ठेवून, आणि शपथेवर म्हणाले, "मीच बोललो होतो." दावा निकाली निघाला. मजुराला भरपाई मिळाली.

नाण्याच्या डब्यात रुपया टाकला असता तर काय राहिले असते? काही नाही. नाणे पेटीत पडले की बोलणे वाऱ्यावर गेले. बिननाण्याच्या फोनने दोन गोष्टी मागे ठेवल्या, एक कागद आणि एक साक्षीदार. शेजारी बसलेला माणूस हा मागासलेपणा नव्हे असे आम्ही मघाशी म्हणालो, त्याचे कारण हे.

यानंतरचा भाग सांगणे आम्हांस जड जाते, पण तो न सांगता संग्रहाची गोष्ट पुरी होत नाही. २००३ साली मोबाइलवर येणारे फोन फुकट झाले. हळूहळू बूथ रिकामे पडू लागले. २००८ च्या सुमारास तेच भाऊ आमच्या संघटनेच्या कचेरीत आले. म्हणाले, "गावात आमच्यासारखे पन्नाससाठ बूथवाले हायेत. अर्धे अपंग, काही बाया विधवा. आमची एक बैठक घ्या. पुढं काय करावं ते तरी ठरवू." आम्ही त्यांना चहा पाजला आणि कायदा समजावून सांगितला. तुम्ही कामगार नाही, तुम्ही धंदेवाले. तुमचा मालक कोणी नाही, मग मागणी कोणाकडे करावयाची? आमच्या घटनेत हे बसत नाही. ते ऐकून घेऊन निघून गेले. कायद्याने आमचे बोलणे बरोबर होते. ज्या माणसाने आमच्या माणसासाठी तीन दिवस धंदा बंद ठेवला, त्याच्यासाठी आम्ही एक संध्याकाळ दिली नाही, एवढेच.

पाचसहा वर्षांनी भंगारवाल्याकडे आम्हांस एक मीटर दिसला. त्याच्या पाठीवर पांढऱ्या रंगाने लिहिलेला बूथचा क्रमांक ओळखीचा वाटला. किलोच्या भावाने तो आम्ही घेतला. घरी आणून पाहिला, पावतीवरचा क्रमांक आणि हा क्रमांक एकच. त्या रात्री झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी भाऊंना शोधावयास निघालो. ते सापडले एका झेरॉक्सच्या दुकानात, दुसऱ्याच्या दुकानात, पगारावर. मीटर त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी आम्हांस बोल लावला नाही. डबा उलटा करून पाहिला आणि म्हणाले, "सेल काढून घ्या याचा पहिले. फुटला म्हंजे पाटी खाते."

हा त्यांचा धडा संग्राहकांनी लिहून ठेवावा. या डब्यांत घड्याळ चालू राहावे म्हणून लहान सेल बसवलेला असतो. तो जुना झाला की पाझरतो आणि तांब्याच्या रेषा कुरतडून टाकतो. डबा हाती आला की वीज लावण्यापूर्वी सेल काढावा. दुसरे, पावत्या. फितीच्या शाईने छापलेल्या टिकतात. उष्णतेने छापलेल्या कागदावरची अक्षरे काही वर्षांत उडतात. तशा पावत्यांची नक्कल ताबडतोब करून घ्यावी. तिसरे, तांब्यासाठी यंत्रे जाळणाऱ्यांपासून ती सोडवावीत. त्या धुराने जाळणाऱ्या पोरांच्याच छातीचे वाटोळे होते. चौथे, खांबावरच्या पेटीतले किंवा बंद कचेरीतले यंत्र काढून आणू नये. ते मालकाचे असो की खात्याचे, विचारून घ्यावे. चोरीचा संग्रह म्हणजे संग्रह नव्हे.

आणि पाचवे, भाऊंनीच शिकवलेले. त्यांना आम्ही विचारले, "बूथची वही आहे का?" ते म्हणाले, "वही हाय, पण देत नाही. त्याच्यात लोकाईच्या पोरीबाळीचे नंबर हायेत. कोणी कोणाले किती वाजता फोन केला, ते मी कोणाले सांगितलं नाही अन् तुम्हालेही सांगणार नाही." जो माणूस शपथेवर साक्ष द्यावयास तीनदा आला, तोच माणूस इतर हजार बोलण्यांविषयी तोंड मिटून बसला होता. कोठे बोलावे आणि कोठे बोलू नये, हे त्याला कळत होते. नाण्याच्या डब्याला हे शिकवता आले नसते. म्हणून आमच्या संग्रहाचा नियम आहे की बूथच्या वह्या घ्यावयाच्या नाहीत. फार तर मालकाने आपल्या हाताने कोरी पाने दाखवावीत, रेघा कशा आखल्या होत्या ते पाहावे, आणि वही परत करावी.

त्या दिवसापासून यंत्र घेतले की त्याच्यामागचा माणूस शोधावयाचा, हा आमचा दुसरा नियम झाला. एकतीस यंत्रांपैकी सतरांची माणसे सापडली. कोणी रिचार्ज विकले, तेही आता घरोघर आपल्या हाताने होऊ लागले. कोणी भाजीचा ठेला लावला. एक बाई अमरावतीस शिवणकाम करतात. प्रत्येक यंत्राखाली एक चिठ्ठी आहे. तीवर यंत्राचा कारखाना नाही, माणसाची हकीकत आहे : बूथ कोठे होता, किती वाजता उघडे, रात्री किती वाजता बंद होई, घर किती माणसांचे चाले. बैठकही अखेर घेतली, दहा वर्षे उशिरा. एकवीस जण आले. मागण्या उरल्या नव्हत्या. पण त्यांतल्या चौघांना अपंगांच्या पेन्शनचा अर्ज कसा करावा ते ठाऊक नव्हते. ते काम आम्ही केले. तेवढेच हातून घडले.

श्रोतेहो, या संग्रहाला मोठी इमारत नको आहे. एक कोरडी खोली, चार फळ्या आणि महिन्यातून एक रविवार दार उघडणारा माणूस, एवढे पुरे. शाळेच्या मुलांनी यावे, चकतीच्या भोकात बोट घालून शून्य फिरवून पाहावे. शून्याला किती वेळ लागतो हे बोटाला कळले, की आईला 'ठेवतो मंग' का म्हणावे लागत होते तेही मुलांना कळेल. आपल्यापैकी कोणाच्या घरी असे यंत्र असेल तर द्या किंवा न द्या. पण ते ज्याच्या टेबलावर होते त्याचे नाव एका कागदावर लिहून यंत्राला बांधून ठेवा. यंत्र पुन्हा भंगारातून आणता येते. नाव तेथे मिळत नाही.

त्या भाऊंचे नाव आम्ही आज घेतले नाही, ते त्यांच्याच सांगण्यावरून. ते या सभेत मागच्या रांगेत बसलेले आहेत, आणि सभा संपल्यावर मीटरचा डबा तेच चालू करून दाखवणार आहेत. डब्याचे घड्याळ त्यांनी आज सकाळीच लावले आहे. ज्यांना पावती हवी असेल त्यांनी थांबावे.